दोरीने उभा ठेवलेला खटका

मित्रांनो, स्वतःची ओळख करून देताना लोक छाती पुढे काढतात. मलाही छाती आहे, पण तिच्यावर ‘उघडू नये, धोका’ असं लिहिलेलं आहे, म्हणून मी हळूच सांगतो. मी एक जुना सर्किट ब्रेकर आहे. फिनलंडमध्ये ईसाल्मी नावाचं गाव आहे. तिथल्या एका चार मजली इमारतीच्या तळघरात सगळ्या बिऱ्हाडांची मिळून एक सौना आहे, म्हणजे लाकडी बाकांची वाफेची खोली. तिच्या बाहेर कपडे बदलायची खोली आहे. त्या खोलीच्या भिंतीवर पत्र्याची पेटी आहे, आणि त्या पेटीत मी. सौनातली दगडांनी भरलेली विजेची शेगडी माझ्यामार्फत तापते.

माझं काम एका वाक्यात सांगता येतं. गडबड झाली की पडायचं. दुसऱ्या कुणाच्या आयुष्यात पडणं ही फजिती असते, माझी मात्र ती नोकरी आहे. तरीही प्रत्येक वेळी लाज वाटतेच. सवय होत नाही.

कारखान्यात मला जुळवलं तेव्हा माझ्या पोटात तांब्याचे तीन जबडे बसवले. ते मिटले की वीज पलीकडे जाते, उघडले की थांबते. जबडे ताडकन उघडावेत म्हणून एक ताणलेली स्प्रिंग आहे, आणि त्या स्प्रिंगला अडवून धरणारी नखाएवढी खिटी. एवढा मोठा माझा देह, आणि सगळी इभ्रत त्या खिटीवर. ती सरकली की संपलं. मग माझा बाहेरचा काळा खटका वर राहत नाही आणि खालीही जात नाही, मधेच लोंबकळतो, परीक्षेत नापास झालेला मुलगा घराच्या दारात उभा राहतो तसा.

माझ्या झाकणाखाली दोन कप्पे रिकामे सोडले होते. ‘पुढेमागे जोडभाग लागतील,’ असं कारखान्यात म्हणाले. जोडभाग बसवायला स्क्रू लागत नाही. कप्प्यात सरकवला की ‘टिच्’, आणि बसला. जावयासारखा सहज घरात शिरतो आणि लगेच हुकूम सोडू लागतो.

इथे आल्यावर वायरमनने मला दोन्ही बसवले. डाव्या कप्प्यातला हुकमाचा ताबेदार. सौनाच्या शेगडीवर एक आडवी दांडी आहे. तिच्यावर काही पडलं, म्हणजे टॉवेल वगैरे, तर आग लागायच्या आत डाव्याच्या अंगातली सुई पुढे येते आणि माझ्या खिटीला ढुसणी देते. मी पडतो. उजव्याचं काम त्याहून सोपं. मी पडलो हे जगाला सांगायचं. कुणी हाताने मला बंद केलं तर तो अवाक्षर काढत नाही. मी पडलो तरच जिन्यात घंटा वाजवतो, आणि मला कुणी सावरेपर्यंत वाजवत राहतो. आपल्याच अंगात चहाडखोर पाळणं काय असतं, ते माझ्याकडून शिका.

सुरुवातीची वर्षं बरी गेली. इमारतीला तेव्हा स्वतःचा रखवालदार होता. मी पडलो तर तो यायचा, पेटी उघडायचा, काहीतरी दोन हालचाली करायचा आणि मी पुन्हा ताठ. ‘गुणी आहे,’ असंही एकदा म्हणाला. नंतर तो निवृत्त झाला. त्या दोन हालचाली तो बरोबर घेऊन गेला.

आता टॉर्स्टीबद्दल सांगतो. टॉर्स्टी तिसऱ्या मजल्यावरचा म्हातारा. शुक्रवारी संध्याकाळी सहाची पाळी त्याची. आमच्याकडे सौनाची पाळी म्हणजे जमिनीचा सातबारा समजा. माणूस घर बदलेल, मत बदलेल, पाळी बदलणार नाही. पूर्वी सहाला टॉर्स्टी आणि त्याची बायको हिल्पा यायचे. हिल्पा गेल्यावर टॉर्स्टीने शेजारच्या पेन्नाला बोलावलं. पेन्ना एका शुक्रवारी एकच वाक्य बोलतो. ते झालं की दोघं वाफेत गप्प बसतात, मग बाहेर येऊन माझ्या पेटीखाली सॉसेज खातात. आठवड्यात टॉर्स्टी जिना उतरायचा तो या एका कामासाठी.

टॉर्स्टीकडे एक लोकरी लांब विजार होती. गुडघे फाटल्यावर हिल्पाने त्यांवर हाताला लागेल त्या लोकरीने रफू केलं होतं आणि वर पिवळी फुलं काढली होती. धुलाईची खोली सगळ्या इमारतीची. तिथे ती टांगली तर चारही मजले बघणार. म्हणून टॉर्स्टी ती घरी मोरीत धुवायचा आणि पाळीच्या आधी शेगडीवरच्या त्या दांडीवर वाळत घालायचा. दांडीवर पाटी होती, ‘इथे काहीही टांगू नये.’ ती पाटीही तिथेच टांगलेली होती. टॉर्स्टीला वाटलं, पाटीला चालतं तर विजारीला का नाही?

पाटी हलकी होती. ओली लोकर हलकी नव्हती. डाव्याने ढुसणी दिली, मी पडलो, उजव्याने बोंब ठोकली.

टॉर्स्टी कमरेला टॉवेल गुंडाळून धावत आला. शहाणा माणूस, त्याने आधी विजार काढली होती. पण माझा खटका मधे लोंबकळताना बघून त्याने तो सरळ वर ढकलला. मी खाली आलो. पुन्हा ढकलला. पुन्हा आलो. मला ओरडून सांगायचं होतं की बाबा रे, माझी खिटी सुटली आहे, ती अडकवायला मला आधी पार खाली दाब, मग वर ने. पण माझ्या जोडभागांपैकी एकालाही शब्द येत नाहीत. टॉर्स्टीचा चेहरा पांढरा पडला. आपण सगळ्या इमारतीची सौना मोडली, आणि तीही विजारीने, असं त्याच्या मनाने घेतलं. त्याने कपडे चढवले, ती विजार कोटाच्या आत लपवली आणि वर निघून गेला. जाताना पायातला लोकरी मोजा काढून जिन्यातल्या घंटेवर चढवला.

सौना पाच आठवडे थंड पडली. कोण म्हणे दगड जुने, कोण म्हणे शेगडी गेली. शेवटी सगळ्यांचं बोट माझ्यावर आलं. दुसऱ्या मजल्यावरच्या याल्मारीला तर पर्वणीच. त्याला सौनाच्या जागी सायकली ठेवायची खोली हवी होती. इमारतीच्या समितीची अध्यक्ष आउलिक्की. ती म्हणाली, “वाद नको. शुक्रवारी सहाला याल्मारी आत बसून बघेल. तापली तर राहील, नाही तापली तर सायकली.”

आता टॉर्स्टीची पाळीच पणाला लागली होती. गुरुवारी तो एकटा खाली आला. माझा खटका वर ढकलला आणि सुतळीने पेटीच्या कडीला करकचून बांधला. मित्रांनो, माझी घडण अशी आहे की बाहेरून कुणी माझा खटका कितीही धरून ठेवला तरी आतून मी पडलेला राहू शकतो. हा दोष नाही, मुद्दाम केलेली सोय आहे, कुणी बळजबरी करून आग लावू नये म्हणून. पण त्या दिवशी मला ती सोय वाटली नाही. बाहेरून मी संचलनातल्या शिपायासारखा ताठ, आत जबडे उघडे. बघेल त्याला वाटावं वीज चालू आहे. मी आयुष्यात खोटं बोललो नव्हतो. मला बोलताच येत नाही. आता नुसतं उभं राहून खोटं बोलत होतो.

शुक्रवारी सहाला टॉर्स्टी, पेन्ना आणि याल्मारी आत गेले. आउलिक्की माझ्या पेटीखालच्या बाकावर थर्मासमधली कॉफी घेऊन बसली. भिंतीतल्या झरोक्यातून आतलं सगळं ऐकू येत होतं.

आमच्याकडे ज्याची पाळी तो यजमान. यजमानाच्या वाफेला नाव ठेवणं म्हणजे जेवायला बसून ताटाला नाव ठेवणं. टॉर्स्टीने दगडांवर पाणी ओतलं. एरवी ‘स्स्स’ होतं. आज ‘छप’ झालं आणि पाणी जमिनीवरून मोरीकडे गेलं.



“मऊ वाफ आहे,” याल्मारी म्हणाला. त्याचे दात वाजत होते.

“अजून ओतू?” टॉर्स्टीने विचारलं.

“यजमानाची मर्जी.”

छप.

बाहेर आउलिक्कीने कान टवकारले. जिन्यातून मोज्याआडून ‘गुर्र गुर्र’ येत होतं. “फेब्रुवारीत भुंगा?” ती मोठ्याने म्हणाली आणि झरोक्याला तोंड लावून ओरडली, “काय रे, कसं आहे आत?”

“घाम येतोय,” याल्मारी म्हणाला. त्याच्या अंगावरचं पाणी दगडांवरून उडालेलं होतं.

“पेन्ना, तू सांग,” आउलिक्की म्हणाली.

मित्रांनो, पेन्नाला आठवड्याला एकच वाक्य परवडतं. ते तो जपून वापरतो. हिल्पा गेल्यावरच्या पहिल्या शुक्रवारी त्याने ते वापरलंही नव्हतं. आता तो खाकरला.

“इतकी छान वाफ यजमानाने आजवर दिली नव्हती.”

 माझ्या आतली स्प्रिंग सुटलेली होती, तरी मला वाटलं ती पुन्हा एकदा सुटली. मग सौनाचं दार उघडलं आणि टॉर्स्टी टॉवेलवर बाहेर आला. ओठ निळे, कान लाल.

“आउलिक्की, आत थंडगार आहे.”

“मग ते दोघं?”

“सभ्य आहेत.” तो तिच्याकडे बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता. “ही दोरी मी बांधली. जिन्यात भुंगा नाही, घंटा आहे, तिच्यावर माझा मोजा आहे. आणि त्या दिवशी दांडीवर माझी विजार होती.”

“पाटीवर लिहिलेलं वाचलं नाहीस?”

“वाचलं. विजार तिच्यावरच घातली.”

याल्मारी आणि पेन्ना दारात येऊन कुडकुडत उभे होते.

“अरे, पण धुलाईची खोली आहे ना!” याल्मारी म्हणाला. “विजारीला काय सोनं लागलंय?”

“हिल्पाने रफू केलीय. गुडघ्यांवर फुलं आहेत. तुम्ही हसला असता.”

“कसली फुलं?”

“पिवळी.” टॉर्स्टी थांबला. “नाव तिला माहीत होतं.”

कुणी हसलं नाही. आउलिक्कीने कॉफीचं झाकण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं.

“पाच आठवडे सगळी इमारत घरच्या नळाखाली अंघोळ करतेय,” ती म्हणाली. “आणि तू हे आज सांगतोस.”

“आज पेन्ना माझ्यासाठी खोटं बोलला. त्याच्याकडे एकच वाक्य असतं.”

आउलिक्की उठली. पेटीत हात घालून तिने सुतळी सोडली. माझा खटका लटकन मधे आला, सगळ्यांसमोर. तोंड लपवायला मला हातही नाहीत.

“बघा, हा असा अधांतरी,” ती म्हणाली. “गेलेलं यंत्र आहे. बंदच करून टाकते कायमचं.” आणि रागाने तिने मला पार खाली दाबलं.

टिच्.

खिटी अडकली. जिन्यातला भुंगा मेला. चौघंही वर छताकडे बघायला लागले.

“काय केलंस?” याल्मारीने विचारलं.

“बंद केला.”

“मग घंटा कशी थांबली?”

टॉर्स्टी पुढे आला. “एकदा वर करून बघू?”

“कर बाबा. आता आणखी काय बिघडायचंय!”

त्याने दोन बोटांनी मला वर नेलं, हळूच. खट्. जबडे मिटले. भिंतीपलीकडे शेगडी घुमू लागली. मी उभा राहिलो, कुणी न धरता.

याल्मारीने चष्मा लावून माझं तोंड वाचलं. “इथे बाण काढलाय. आधी खाली, मग वर. दोरीची गाठ बरोबर त्याच्यावर होती.” मग त्याने टॉर्स्टीकडे बघितलं, सायकलींचा विचार केला असावा, आणि म्हणाला, “तासाभरात तापेल. मी थांबतो. मला खरी वाफ पाहिजे.”

“शुक्रवार सहा, टॉर्स्टी,” आउलिक्की म्हणाली. “विषय संपला. तो मोजा मात्र आत्ता काढून आण.”

पुढच्या सोमवारी ती विजार धुलाईच्या खोलीत, सगळ्यांच्या चादरींच्या मधोमध टांगली गेली म्हणे. कुणी हसलं का, ते मला कळलं नाही. माझ्याकडे बातमी नेणारा आहे, आणणारा नाही. हल्ली लोक पेटी उघडून माझं कौतुक करतात, ‘किती भरवशाचा,’ म्हणतात. तेव्हाही मला लाज वाटते. मी वेगळं काहीच केलेलं नाही. मला फक्त खाली जाऊ दिलं.

तर मित्रांनो, तुमच्या घरातला माझा एखादा भाऊबंद पडला तर त्याला शिव्या देऊ नका आणि बांधू तर मुळीच नका. कशामुळे पडला ते आधी शोधा, ते दूर करा. कळलं नाही तर जाणत्याला बोलवा. मग त्याला नीट खाली बसू द्या, आणि नंतरच उठवा. माणसांनाही हे चालतं का, मला सांगता येणार नाही; मला फक्त चारच माणसं जवळून माहीत आहेत, त्यांतली तीन टॉवेलवर.

आता कृपा करून पेटीचं दार लावा. मला संकोच होतो, आणि समोर याल्मारी कपडे बदलतोय.