काय करू नये

मावशीने काठीने दांडीवरचा राखाडी कोट खाली घेतला, पाहिला, परत टांगला. मग पुन्हा तोच खाली घेतला.

"हा कुणाचा हो?"

"अगं, आत्ताच सांगितलं ना! वकिलाचा!" काका खेकसले. निळ्या शालीसाठी एक गिऱ्हाईक बाई दारात ताटकळली होती. शाल शेवटी काकांनीच शोधून दिली.

बाई गेल्यावर भाचीने इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. काका-मावशीच्या लाँड्रीचं सॉफ्टवेअर तीच बनवणार होती. पण आधी काय हवं ते चार प्रश्नांखाली स्पष्ट लिहून घ्यायचं, नाहीतर करायला जायचं गणपती आणि व्हायचा मारुती.

सध्या काम कसं चालतं?

"मावशी, एकाही कपड्याला नंबर नाही. सापडतात कसे?"

"माणसं बघून लावते. घाईवाले दाराशी. विसरभोळे मागे, भिंतीला. त्या इंजिनिअर नवराबायकोचे वेगवेगळ्या दांडीवर. शेजारी टांगले तर भांडून शिवणी उसवतील."

काकाही हसले. इस्त्री त्यांची, दांड्यांचं राज्य तिचं. गेल्या हिवाळ्यापासून त्या राज्यात काहीबाही हरवू लागलं होतं. डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन रोगाचं नाव सांगितलं. ते नाव त्यांनी घरी आणलंच नाही.

कोण वापरणार?

"नवीन मुलगी ठेवतोय," काका इस्त्रीकडे बघत म्हणाले. "हिलाही जरा आराम."

"कोण मुलगी?" मावशीने विचारलं.

"मिळेल कोणीतरी."

भाची मान वर न करता टाइप करत राहिली.

काय करावं?

नाव घातलं की दांडी दाखवावी. कपड्याचा फोटो. अक्षरं ठळक. काका भराभर सांगत गेले. मावशी कोटाचं बटण चाचपत उभी होती.

काय करू नये?

"हा रकाना लोक मोकळा सोडतात," भाची म्हणाली, "आणि मग पस्तावतात."

काका एकाच कॉलरवरून इस्त्री फिरवत राहिले.

"मी सांगू?" मावशी म्हणाली. "त्या मुलीने एकच गोष्ट दहादा विचारली, तरी पहिल्यांदाच विचारल्यासारखं सांगावं. 'आत्ताच सांगितलं ना' असं म्हणू नये."

टाइप करणारी बोटं थांबली.

"लिही की. जमेल ना तुझ्या सॉफ्टवेअरला?"

"जमेल, मावशी."

भाचीने वाक्य जसंच्या तसं लिहिलं. मग मावशीने हातातल्या कोटाकडे पाहिलं आणि तो काकांसमोर धरला.

"हा कुणाचा हो?"

काकांनी इस्त्री उभी ठेवली. कोट घेतला, त्याची बाही सरळ केली.

"वकिलाचा," ते म्हणाले. "दाराशी लावू या. घाईतला माणूस आहे."