तीन आठवड्यांच्या बॅटऱ्या

स्तानियाच्या मागच्या दाराची बॅटरी सोमवारी सकाळी मेली, आणि तिला कळायच्या आधी ते व्हिएन्नाला कळलं.

फोन वाजला तेव्हा ती अंगणात चुलीवर बरण्यांत भरायच्या लाल मिरच्या भाजत होती. हात कोपरापर्यंत काळे. तिनं करंगळीनं फोन उचलला.

"आई, मागचं दार गेलं!"

"जातंय कुठं दार? उभं आहे की समोर."

"दाराची बॅटरी गं! तीन आठवडेसुद्धा झाले नाहीत. पाकिटावर दोन वर्षं लिहिलंय, दोन वर्षं!"

"मग त्या पाकीटवाल्याला विचार ना. मला काय विचारतोस?"

ल्युबिशा हा तिचा एकुलता एक मुलगा, वीस वर्षं व्हिएन्नात भिंतींना गिलावा करतोय. वसंतात त्यांच्या ओरेशा गावाच्या वरच्या वाडीत चोर शिरले. म्हाताऱ्या विधवेला त्यांनी कोठीत कोंडलं आणि राकियाची दारू गाळायच्या भट्टीसकट सगळं घर धुऊन नेलं. तेव्हापासून पोराची झोप उडाली होती. ऑगस्टमध्ये सुट्टीवर आला तो चोरघंटीचं सगळं सामान घेऊनच. पुढच्या आणि मागच्या दाराला, दार उघडलं की कळवणारा एकेक तुकडा, बोळात हालचाल ओळखणारा एक डोळा, फाटकाच्या खांबावर कॅमेरा. कशालाच तार नाही, सगळं बॅटरीवर. हे चौघं घरातल्या एका पांढऱ्या पेटीला वर्दी देणार आणि पेटी व्हिएन्नाला. एवढंच काम. पण चौघंही आळीपाळीनं मरत होते, अगदी ठरवून मरावं तसे.

"ऐक आई," ल्युबिशाचा आवाज खाली आला. "मित्रोवदानला मी येतोय. तोवर हे नीट चाललं तर ठीक. नाहीतर घराला कुलूप घालायचं आणि तू माझ्याबरोबर यायचं. मला रोज रात्री असं उठून फोन बघणं जमत नाही आता."

मित्रोवदान, म्हणजे त्यांच्या घरच्या संत दिमित्रीचा दिवस, आठ नोव्हेंबर. पूर्वी गडीमाणसांचा करार त्याच दिवशी संपायचा. मालकानं ठेवलं तर ठेवलं, नाहीतर गाठोडं उचलून चालायला लागायचं. स्तानियाला वाटलं, आपलंही गाठोडं आता दारात ठेवलंय.

व्हिएन्ना तिनं बघितली होती. नवरा, विदोये, वारला त्या हिवाळ्यात सहाव्या मजल्यावर दोन महिने काढले होते. सून चांगली, पोराची माया आहे, सगळं खरं. पण लिफ्टमध्ये शेजारीण भेटली की दोघी छताकडं बघत उभ्या राहायच्या. शेवटी शेवटी स्तानिया फ्रीजशी बोलायला लागली होती. हे तिनं अजून कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कसं?

मिरच्या तशाच टाकून ती कुंपणापाशी गेली आणि रादिसावला हाक मारली.

रादिसाव म्हणजे समोरचा शेजारी, विदोयेचा बालमित्र. पोस्टखात्यात टेलिफोनच्या तारा ओढण्यात एकतीस वर्षं घालवलेला माणूस. या खोऱ्यात तो चढला नाही असा खांब नाही, आणि त्यानं ज्याला टोमणा मारला नाही असा माणूसही नाही.

"कोण वारलं आज?" त्यानं विचारलं.

"मागचं दार."

"देव त्याच्या आत्म्याला शांती देवो. कॉफी ठेवा वहिनी, आलो."

दोन महिन्यांत दोघांनी काय काय केलं नव्हतं! पहिल्यांदा वाटलं, बॅटऱ्याच भिकार. खरंच होतं ते. स्तानियानं बाजारातून आणल्या होत्या, चार घेतल्या की दोन फुकट. रादिसावनं त्या कोंबड्यांच्या खुराड्यामागं भिरकावल्या आणि शहरात जाऊन भारीतल्या आणल्या. त्यांनी चार दिवस जास्त काढले. मग वाटलं, दाराचा दोष. तुकडा आणि त्याचं चुंबक यांत बोटभर फट होती, त्यामुळं दार बंद की उघडं हेच बिचाऱ्याला समजत नसेल. रादिसावनं खाली लाकडाची चीप घालून फट बुजवली. बोळातला डोळा मांजर गेलं तरी जागा व्हायचा, म्हणून तो छातीइतका वर नेला. कॅमेरा तर रस्त्यावरचा प्रत्येक ट्रॅक्टर टिपून ठेवायचा. एका दिवसात एकशे चाळीस वेळा उठला होता. त्याची मान वळवून तो फक्त फाटकाकडं बघेल असा केला. प्रत्येक वेळी दोघं कॉफी पिऊन म्हणायचे, झालं बाई एकदाचं. आणि तीन आठवड्यांनी व्हिएन्नाहून फोन.

कंपनीच्या मदतकेंद्रालाही फोन लावून झाला होता. बेलग्रेडची एक गोड आवाजाची पोरगी होती.

"आजी, मुख्य पेटी मोकळ्या जागी आहे ना? उंचावर?"

"घरात त्याहून उंच जागा नाही बाळ. आणि त्याहून पवित्रही नाही."

"छान! मग पेटीचा प्रश्नच नाही," पोरगी म्हणाली आणि तिनं पुन्हा बॅटऱ्या बदलायला सांगितलं. उंटावरचे शहाणे काय, कुठूनही सल्ला देतात.

आज रादिसाव आला तो कॉफीलाही थांबला नाही. त्यानं मागच्या दाराला नवी बॅटरी घातली आणि स्तानियाचा फोन नाकापाशी धरून बराच वेळ बघत बसला.

"वहिनी, ह्या बारीक रेघा बघा. कुणाची हाक पेटीपर्यंत किती पोचते, ते ह्यात दिसतं. चार रेघा म्हणजे ठणठणीत. फाटकाला एक, मागच्या दाराला एक. मी आपला भिंतींना शिव्या घालत होतो. तुमच्या सासऱ्यानं हातभर जाड दगडी भिंती बांधल्यात ना, किल्ला बांधायला निघाल्यासारखा."

"भिंती पाडायच्या म्हणताय की काय?"

"थांबा तर." त्यानं दाराचा तुकडा उपटून हातात घेतला आणि निघाला. स्वयंपाकघरात एक रेघ. बोळात एक. मग तो बैठकीच्या खोलीत शिरला, पूर्वेच्या कोपऱ्याकडं सरकला आणि थबकला. "दोन! अहो, पेटीच्या कोपऱ्यातच उभा आहे मी, आणि दोनच? हे म्हणजे चुलीशेजारी बसून कुडकुडण्यासारखं झालं. दोष भिंतींचा नाही. ती पेटीच गुदमरलीय. आहे कुठं ती?"

"तिथंच. ल्युबिशानं ठेवली होती त्या फळीवर."

"फळीवर तर संत आहे तुमचा."

"हो, मग? त्याच्या मागं."

रादिसावनं वळून तिच्याकडं बघितलं. 

"मागं?"

"मग काय पुढं ठेवायची?" स्तानिया उसळली. "ल्युबिशा गेला त्याच संध्याकाळी मी मागं सारली. संताच्या पुढ्यात ते हिरवं मिचमिच करणारं यंत्र! दिवा लावायला गेले की आधी त्यालाच नमस्कार होतोय असं वाटायचं. आणि म्हटलं, राखणदाराच्या पाठीशी राखणदार. बिघडलं काय त्यात?"

"वहिनी, अहो, ती तसबीर कशाची आहे?"

"संत दिमित्रीची. नवीन आहात का गावात?"

"कशाची केलेली आहे, विचारतोय!"

आता तिनं वर बघितलं. विदोयेच्या पणज्यानं आणलेली तसबीर. संताचा चेहरा आणि दोन हात तेवढे रंगवलेले, बाकी घोडा, भाला, झगा, सगळा ठोकून काढलेला पितळी पत्रा, चांगला परातीएवढा. पेटी त्या पत्र्याला पाठ टेकून दडपून बसलेली.

"पत्र्याच्या पिंपात तोंड घालून बोलावं आणि गावाला ऐकू यावं म्हणावं, तसं चाललंय," रादिसाव म्हणाला. "हे चौघं बिचारे दिवसरात्र हाका मारताहेत. पेटीला ऐकू येत नाही. मग आणखी जोरात ओरडायचं, पुन्हा ओरडायचं. घसा बसणार नाही तर काय होईल? बॅटऱ्या ओरडून ओरडून मरताहेत, वहिनी! आणि मी गाढव, एकतीस वर्षं टेलिफोनखात्यात, दोन महिने साप साप म्हणून भुई धोपटतोय."

"मग इतके दिवस बघितलं का नाही तिथं?"

"दुसऱ्याच्या घरच्या संताला हात लावू का मी?"

 ओरेशात असं कुणीच करत नाही. ज्याच्या घरचा संत, त्यानंच हलवावा. वायरमन येवो, रंगारी येवो, त्या कोपऱ्याला वळसा घालूनच जायचं. हा तर कम्युनिस्ट पक्षाचा जुना कार्डवाला माणूस, देवळात मयताशिवाय पाऊल न टाकणारा, पण रीत तो मोडणार नाही.

स्तानिया खुर्चीवर बसली.  म्हणजे आपल्याच हातानं. दोन महिने पोराला झोप नाही, आपल्याला झोप नाही, गाठोडं दारात, आणि हे सगळं आपण पदरानं हात पुसून, भक्तिभावानं केलेलं! तिला रडू यायला हवं होतं, पण आलं हसू. आधी नाकातून, मग पोटातून. ती हसत सुटली आणि रादिसाव कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"हसा, हसा. आता तो उतरवायचा कुणी?"

"मी. पण मला एकटीला पेलायचा नाही."

"मी धरणार नाही."

"भाऊजी, मी सांगतेय ना. घर माझं, संत माझा. धरा."

त्यानं टोपी काढून खिशात कोंबली. तिनं छातीवर क्रूस केला, स्टुलावर चढली आणि तसबीर उचलून त्याच्या हातांत दिली. मग तो उभा राहिला, संताला लेकरासारखं उरी धरून, मान एका बाजूला वळवून. स्तानियानं पेटी काढली. फळी पुसली. भिंत पुसली. आलीच आहे वर तर म्हणून कोळिष्टकंही काढली.

"वहिनी, लवकर!"

"जड झाला का?"

"बघतोय तो माझ्याकडं."

"बरं आहे की. पन्नास वर्षांची बाकी आहे तुमची, बघू दे."

पेटी उघड्या कपाटाच्या माथ्यावर गेली. तिथं विजेसाठी लांब वायर लागली, ती रादिसावकडं होतीच. संत आपल्या जागी गेला. तेवढं करून रादिसावनं फोन उघडला आणि एकेक नाव मोठ्यानं वाचलं. मागचं दार, चार. पुढचं, चार. बोळ, चार. फाटक, तीन. वाचता वाचता त्याचाच आवाज चढत गेला. स्तानियानं त्याला गोड मुरांब्याचा एक चमचा दिला, मग दुसराही दिला.

पण रेघा म्हणजे बॅटरी नव्हे, आणि स्तानियाला हे आता चांगलं कळत होतं. आधीही तीनदा "झालं एकदाचं" म्हणून झालं होतं. चौघांच्याही बॅटऱ्या त्याच दिवशी नव्या घातल्या, आणि मग सुरू झालं मोजणं. सकाळी उठल्याबरोबर फोनवर बॅटऱ्यांचे टक्के. शंभर. चार दिवसांनी शंभर. आठवड्यानं फाटक नव्व्याण्णव झालं, तर तिला जेवण गेलं नाही. ल्युबिशाला तिनं काही सांगितलं नाही. सांगावं आणि पुन्हा मरावं, नको बाई. आतल्या आत तिनं लोणच्याच्या बरण्या कुणाला द्यायच्या, कोंबड्या कुणाला, हे ठरवून ठेवलं होतं. रोज ती यादी मनातल्या मनात वाचायची आणि रोज म्हणायची, आजचा दिवस तर गेला.

मित्रोवदानच्या आदल्या दिवशी दुपारी गाडी फाटकात थांबली. ल्युबिशा उतरला. दाढी वाढलेली, डोळे रात्रभर गाडी चालवून लाल. आईला मिठी मारली आणि तशीच एका हातानं धरून दुसऱ्या हातानं फोन काढला. जिवाला धीर नव्हता पोराच्या. रादिसाव कुंपणापलीकडं उगाच पानं झाडत होता, कधीच झाडून झालेली.

"मागचं दार नव्व्याण्णव," ल्युबिशा हळू म्हणाला. "पुढचं नव्व्याण्णव. बोळ... फाटक अठ्ठ्याण्णव. अठरा दिवस झाले आई, आणि अठ्ठ्याण्णव? मला वाटलं हे बंदच पडलंय, म्हणून फोनवर काही येत नाही. काय केलंत काय?"

"विचार त्या पानं झाडणाऱ्याला."

रादिसावनं कुंपणावरूनच सगळं सांगितलं, वर मीठमसाला लावून. ल्युबिशा ऐकत होता. ऐकता ऐकता त्यानं गाडीच्या टपावर दोन्ही कोपरं टेकवली, तोंड हातांत घेतलं, आणि त्याचे खांदे हलायला लागले. हसतोय की रडतोय, स्तानियाला कळेना.

"ल्युबो? चिडलास?"

त्यानं उत्तर न देता गाडीची मागची बाजू उघडली. आत घडी केलेली खोकी होती, नवी कोरी, बारा-पंधरा. चिकटपट्टीची गुंडाळी. तिच्या भांड्यांसाठी जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा. म्हणजे तो नुसतं बोलला नव्हता. घ्यायलाच आला होता.

"खोली रिकामी केली तुझ्यासाठी," तो म्हणाला. "पोरं हॉलमध्ये झोपतात पंधरा दिवस झाले. येताना सीमेवर दोन तास रांगेत होतो. पुढच्या गाडीतला आपल्याकडचाच, त्यानं विचारलं, कुठं निघालास? मी म्हटलं, घरी. आणि तेव्हा मनात आलं, आई. म्हटलं, उद्या हिला घेऊन परत फिरलो, की ह्यापुढं हा शब्द म्हणायचा तरी कुठल्या जागेला?"

स्तानियाला वाटत होतं, भीती काय ती एकट्या आपल्यालाच आहे. तिनं त्याचा खरखरीत गाल आपल्या मिरच्यांच्या वासाच्या हातांत धरला. तिला खूप काही सांगायचं होतं, त्या फ्रीजचंसुद्धा.

"खोकी आण आत," ती म्हणाली. "साठ बरण्या झाल्यात मिरच्यांच्या ह्या वर्षी. पोरांसाठी घेऊन जा."