काचेखालचा कागद

फ्रेमवाल्याने चपला काढल्या, श्वास रोखला आणि तो वजनकाट्यावर चढला. श्वास रोखून वजन वाढत नाही हे त्यालाही कळत होतं, पण बुडत्याला काडीचा आधार. आहारतज्ज्ञ बाईंनी आकडा पाहिला आणि मग त्याच्या लोंबणाऱ्या खिशांकडे पाहिलं.

"काका, खिशात काय आहे?"

"काही नाही. दुकानातलं सामान."

"काढा बरं."

त्याने मूठभर खिळे टेबलावर ठेवले. मग दुसऱ्या खिशातून तसबिरी टांगायचे पितळी आकडे काढले. साठीला टेकलेला माणूस बाकावर बसलेल्या बायकोदेखत असा पकडला गेला. पुन्हा चढल्यावर सत्तेचाळीस भरले. आतड्याचा वीतभर तुकडा काढून दवाखान्यातून घरी आला तेव्हा तो अठ्ठावन्न किलो होता, आणि त्याला आता पाच महिने झाले होते.

दुखणं परत आलंय, याबद्दल त्याच्या मनात शंकाच उरली नव्हती. खालच्या मजल्यावर डॉक्टर तपासण्यांचे कागद बघून "सगळं साफ आहे" म्हणाले होते. पण माणूस वाचणार नसला की डॉक्टर असंच गोड बोलतात, असं त्याचं मत होतं. बायकोला काही कळू नये म्हणून तर खिळे.

"जेवता काय?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही लोकांनी लिहून दिलंय तेच," बायको म्हणाली. तिला सगळं तोंडपाठ होतं. "मऊ भात. साल काढून उकडलेला बटाटा. भाजीचं गाळलेलं पाणी. पांढरा पाव. दर दोन तासांनी चार घास, आणि एकेक घास बत्तीस वेळा चावून. पालेभाजी नाही, डाळ नाही, बी नाही, साल नाही. एक दिवस चुकले नाही मी."

"अजून?"

"अजून म्हणजे?"

"काकू, हे सहा आठवड्यांपुरतं असतं. मागच्या बाजूला लिहिलंय की."

बाईंनी कपाटातून तसाच एक कागद काढला आणि उलटा केला. मागे बारीक अक्षरांत पानभर मजकूर होता. सातव्या आठवड्यापासून अंडं, मासे, डाळ. मग एकेक भाजी, एकेक फळ. तीन महिन्यांनी जवळजवळ सगळं.

फ्रेमवाला त्या पानाकडे बघत राहिला. घरी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी, टाके ओले असताना, त्याने तो कागद खळ लावून पुठ्ठ्यावर चिकटवला होता, वर काच बसवली होती आणि चांगल्या सागवानी चौकटीत घालून स्वयंपाकघरात टांगला होता. वाफेने खराब व्हायला नको म्हणून.

"ताई," तो म्हणाला, "मी बत्तीस वर्षं फ्रेमा करतोय. आमच्या धंद्यात कागदाला मागची बाजू नसते."

बाईंना हसू आवरेना. बायको मात्र पदर तोंडाला लावून हसता हसता रडायला लागली. त्याचा जीव भांड्यात पडला होता. मरत नव्हता तो, नुसता उपाशी होता! पाच महिने रोज पहाटे छताकडे बघत त्याने दुकान कुणाला द्यायचं, हिने कुठे राहायचं, याचे हिशेब केले होते. आता त्याला स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटत होती.

"आता काकू, तुम्ही या काट्यावर," बाई म्हणाल्या.

"मी कशाला?"

"याच ना. नवऱ्याला पथ्य असलं की बायकोही तेच खाते, रोज बघते मी. तुमचे गालही बसलेत."

बायको लाजत चढली. एकेचाळीस.

"आधी किती होतं?"

"यांच्या ऑपरेशनला रक्त दिलं तेव्हा बावन्न भरलं होतं."

फ्रेमवाल्याने बायकोकडे नीट पाहिलं. पाच महिने तो फक्त स्वतःच्या पोटाकडे बघत होता. बांगड्या तिच्या कोपरापर्यंत सरकत होत्या. रोज त्याच्या समोर बसून तोच गिळगिळीत भात ती चिवडायची, आणि त्याला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आजपासून तूही नीट जेवायचंस," तो म्हणाला. "माझ्यापायी उपाशी राहिलीस."

बायकोने मान खाली घातली.

"नाही हो. मी जेवते."

"काय जेवतेस? भाताचं पाणी?"

"सगळं जेवते." तिचा आवाज एवढासा झाला. "तुम्ही झोपलात की मागच्या गॅलरीत दार ओढून बसते. तळलेले मासे, अंडी, कच्चा कांदासुद्धा. दोन माणसांचं खाते मी चोरून. तुम्हाला वास येऊ नये म्हणून वर साबणाने हात धुते. तुमच्यासमोर ते खायचं कसं? आणि खाल्ल्याशिवाय तर राहवत नव्हतं. काय करू?"

तिला वाटलं, आता नवरा रागावेल. तो रागावला नाही. बाईंचं पेन कागदावर थांबलं होतं.

"पोट दुखतं का काकू कधी?"

"ते काय, वयाबरोबर चालायचंच."

"शौचाला रक्त?"

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. परक्या बाईसमोर हे बोलायची तिला लाज वाटली.

"कधीतरी. तिखट खाते ना."

गेल्या वर्षी याच इमारतीत हेच दोन प्रश्न फ्रेमवाल्याला विचारले होते, आणि त्यानेही तिखटावरच ढकललं होतं.

बाईंनी चिठ्ठी लिहिली. खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांच्या नावाने, आजच्या तारखेची.

"आता पुन्हा कशाला डॉक्टर?" बायको घाबरली. "खालचे डॉक्टरच म्हणाले ना, यांचं सगळं साफ आहे?"

बाई काही बोलणार तोच फ्रेमवाल्याने हात पुढे केला आणि चिठ्ठी घेऊन दुमडली.

"माझीच आहे गं," तो म्हणाला. "एकट्याने जायला भीती वाटते. तू फक्त बरोबर चल."