मैदानावरची मोजणी

भोंगा वाजला, वर्गावर्गांतून रांगा निघाल्या आणि बघता बघता सगळी शाळा मैदानावर येऊन उभी राहिली. कुणी कुणाला ढकललं नाही, कुणी पडलं नाही, पहिलीतलं एक पोरसुद्धा रडलं नाही. मोठ्या बाई, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, हातात कर्णा घेऊन रांगांसमोरून फिरू लागल्या. त्या समोर आल्या की वर्गाच्या बाई हात वर करून म्हणायच्या, "पूर्ण!" सातवीच्या बाईंचा हात मात्र खालीच राहिला.

"मुंगी?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"दुसरं कोण!"

आग लागली तर बाहेर पडायचा हा तिसरा सराव, आणि तिसऱ्यांदा तेच. मुंगी हे शाळेनंच पाडलेलं नाव. लहान चणीची, गप्प, आणि कायम कुठेतरी कामाला निघाल्यासारखी चालणारी मुलगी. शिपाईकाका आत गेले आणि दर वेळी सापडते तिथूनच तिला घेऊन आले. जिन्याखाली एक पोकळी होती, मोडके बाक आणि जुन्या चटया कोंबून ठेवलेली. तिथून. केसांत जळमटं, बोटं पांढरी, चेहऱ्यावर ना भीती ना लाज. उलट आपलंच काम अर्धवट राहिल्यासारखी ती मागे वळून इमारतीकडे बघत होती.

"गवंड्याला बोलावते आणि ते बीळ बुजवूनच टाकते," मोठ्या बाई म्हणाल्या. "मग बघू कुठे लपते!"

हे त्या बोलल्या ते सरकारी ताईंना. मुलांनीच ठेवलेलं हेही नाव. सरकारनं शाळांसाठी एक मदत सुरू केली होती. प्रत्येक शाळेनं आपला एक आराखडा करायचा. त्याचा अर्धा भाग इमारतीचा, म्हणजे आग लागली, भिंत पडली, तर मुलांना कसं वाचवायचं. अर्धा भाग मनाचा, म्हणजे मूल आतून ढासळायला लागलं तर त्याला कुणी आणि कसं सावरायचं. शाळांना हे एकट्यानं जमत नाही हे जाणून खात्यानं मदतीला माणसं धाडली होती, आणि या शाळेच्या वाट्याला ताई आल्या होत्या. आराखडा मंजूर झाला की शाळेला पूर्ण वेळचा समुपदेशक मिळणार होता. नाही झाला, तर तो समुपदेशक पुढच्या शाळेला. मंजुरीची अट एकच: शेवटच्या सरावात इमारतीत एकही माणूस मागे राहता कामा नये.

"ताई, मला तो समुपदेशक हवाय हो," आपल्या खोलीत आल्यावर मोठ्या बाई खुर्चीत बसता बसता म्हणाल्या. मघाचा कर्ण्यातला आवाज कुठल्या कुठे गेला होता. "पोरं इथे येऊन रडतात. मी पाणी देते. पाणी पिऊन होतं, मग पोर माझ्याकडे बघतं आणि मी त्याच्याकडे. पुढे काय बोलायचं ते मला येत नाही. या मुंगीलाच बघा. मागच्या वर्षीपर्यंत पोपटासारखी बोलायची. आता हो नाही, नाही नाही. आणि जिच्यासाठी मी एवढा आटापिटा करतेय, तीच माझ्या पायात पाय घालतेय!"

"तिला विचारलंत?"

"शंभरदा विचारलं. का लपतेस, का लपतेस. तोंडातून ब्र काढेल तर शपथ."

ताईंना एक खोड होती, किंवा देवानं दिलेली देणगी म्हणा. एखादी गोष्ट कळली नाही की त्यांना जेवण गोड लागायचं नाही. घरी त्यांची आई म्हणायची, तुझ्या आधी तुझं नाक पोचतं. ताई उठल्या. "गवंडी जरा थांबवा, बाई. बुजवण्याआधी ते बीळ मला आतून बघायचंय."

जिन्याकडे जाताना त्यांना गाण्याचे सर भेटले. जिन्यामागची शेवटची खोली त्यांची. त्यांचा आवाज असा पहाडी की शेजारच्या वर्गाला पाढे म्हणता येईनात. म्हणून शाळेनं त्या खोलीच्या भिंतींना आणि दाराला आतून जाड गाद्या ठोकून घेतल्या होत्या. सर आठवड्यातले दोनच दिवस यायचे, पोरांना शिकवायचे, आणि मोकळ्या तासाला दार लावून स्वतःचा रियाज करायचे. माणूस देवभोळा, डोळे मिटून गायला लागले की या जगात नसायचे.

"तुम्हीच का त्या सरकारी?" त्यांनी ताईंना अडवलं. "मग माझीही एक तक्रार घ्या. मला कुणीतरी खडू मारतं."

"खडू?"

"वरच्या झरोक्यातून! डोळे मिटून आळवत असतो आणि टाळक्यात टप्पकन खडू. परवा तर पेटीच्या भात्यातच गेला. अहो, आवडत नसेल माझं गाणं तर तोंडावर सांगा. खडू काय मारता?"

ताईंना हसू आवरेना. "रोज मारतं का कुणी?"

"रोज नाही. अधूनमधून लहर येते त्या गुलामाला. पण आली की मग थांबत नाही, एकामागून एक!"

त्यांचं समाधान करून ताई पोकळीपाशी आल्या. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून त्यांनी पदर खोचला आणि गुडघ्यांवर रांगत आत शिरल्या. आत ओणवंच बसता येत होतं. बाकाच्या एका पायानं त्यांच्या पाठीला ढुशी दिली, चटईतली धूळ नाकात गेली आणि त्यांना सणसणीत शिंक आली.

"कोण आहे रे तिकडे?" शिपाईकाकांनी वाकून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अरे देवा! आता ताईसुद्धा?"

"काका, तुम्ही बाहेरच थांबा. आणि जरा गप्प बसा."

गप्प झाल्यावर तिथे एक गोष्ट उमगली. पोकळीच्या आतल्या टोकाला एक गज लावलेला झरोका होता, आणि त्यातून गाणं येत होतं. गाण्याच्या खोलीची जमीन चार पायऱ्या खाली, म्हणून इकडचा बसल्या उंचीचा झरोका तिकडे डोक्याच्या वर पडत होता. गाद्यांनी सगळीकडून कोंडलेला तो आवाज या एवढ्याच फटीतून बाहेर पडत होता. सर एकच ओळ पुन्हा पुन्हा आळवत होते, दर खेपेला थोडी वेगळी, जसं दार उघडेल या आशेनं कुणी हाका मारत राहावं. ताई क्षणभर कामच विसरल्या. एकटं, दुखरं मूल इथे येऊन बसत असेल तर नवल ते काय, असं त्यांना वाटलं. उत्तर मिळालं असं समजून त्या निघाल्याही.

निघताना आधारासाठी त्यांनी झरोक्याचा गज धरला. तळहात पांढरा झाला. गजांवर खडूची भुकटी होती.

ताई तशाच ओणव्या थांबल्या. गाणं ऐकायला येणारी मुलगी गाणाऱ्याला खडू कशाला मारेल? त्यांना मुंगीची पांढरी बोटं आठवली. त्या रांगत बाहेर आल्या आणि कपडे न झटकताच गाण्याच्या खोलीवर गेल्या. दारावर टकटक केली. गादीनं टकटक गिळून टाकली. मूठ आपटली, तीही गिळली. कडी आतून होती. शेवटी सरांची ओळ संपून श्वास घ्यायची वेळ झाली तेव्हा कुठे दार उघडलं.

"सर, तुम्हाला शेवटचा खडू कधी बसला?"

"आजच सकाळी. का?"

"आज सकाळी आमचा सराव होता. भोंगा वाजला तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"कसला भोंगा?" सरांनी निरागसपणे विचारलं.

आता गंमत पाहा. त्या शाळेत मोजणी वर्गांची व्हायची. वर्ग पूर्ण तर शाळा पूर्ण. सर कुठल्याच वर्गाचे नव्हते. मोठ्या बाई सरावासाठी परीक्षा नसलेला वार निवडायच्या आणि नेमका तोच सरांच्या रियाजाचा वार निघायचा. झरोक्यातून झिरपणारं त्यांचं गाणं पोरं, बाई, शिपाईकाका, सगळ्यांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की ते कुणाला ऐकूच येत नव्हतं. सगळी शाळा मैदानावर उभी राहून 'पूर्ण, पूर्ण' म्हणत असताना आत एक माणूस डोळे मिटून देवाला आळवत बसलेला असायचा.

मधल्या सुट्टीत मुंगी पाण्याच्या नळापाशी सापडली. ताई तिच्या शेजारी ओट्यावर बसल्या.

"मुंगे, तू लपत नव्हतीस. हो ना?"

मुंगीनं नळ बंद केला.

"सर बाहेर आले नव्हते, म्हणून तू थांबत होतीस."

मुंगीनं ताईंच्या मळलेल्या कोपरांकडे पाहिलं. मग म्हणाली, "दार वाजवून ऐकू येत नाही त्यांना. मी लाथपण मारली होती, मग खडू मारले."

"मग कुणाला सांगितलं का नाहीस?"

"सगळ्यांनी विचारलं, का लपतेस." तिनं ओले हात झटकले. "मी लपत नव्हते."

पुढचं आपणहून आलं, एकेक शब्द, अडखळत. मागच्या वर्षी आई कामाला जायची त्या गोदामाला आग लागली होती. प्रत्येक टेबलाची माणसं बाहेर मोजली, सगळी टेबलं पूर्ण झाली. आई त्या दिवशी कुणाच्या तरी बदली मागच्या खोलीत बसली होती. मागच्या खोलीला टेबल नव्हतं. "सगळे म्हणत होते, सगळे आले, सगळे आले. मी फाटकापाशी होते. मला माहीत होतं, आली नाही. पण मोठी माणसं म्हणत होती ना." आईला मग उशिरा बाहेर काढलं. ती वाचली, पण आता चार पावलं चालली की धाप लागते. "मी तेव्हा ओरडले नाही," मुंगी म्हणाली आणि पुन्हा नळ सोडला, उगाचच.

ताईंनी तिचा ओला हात हातात घेतला. "ओरडायचं काम तुझं नव्हतं. मोजायचं काम मोठ्यांचं होतं आणि ते चुकले. आम्हीही चुकत होतो. तू दाखवलंस. आता सरांना बाहेर आणणं हे आमचं काम. तुझं काम एकच, रांगेतून चालत मैदानावर यायचं. जमेल?"

मुंगी हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही.

ताईंनी हे सगळं मोठ्या बाईंना सांगितलं. त्यांनी स्वतःच पाण्याचा पेला भरून घेतला आणि घटाघटा रिकामा केला. "मी त्या पोरीला बिळात लपणारी म्हटलं," त्या म्हणाल्या. गवंडी आला, पण पोकळी बुजवायला नव्हे. आतलं मोडकं सामान निघालं, जागा झाडून मोकळी झाली. वायरमननं गाण्याच्या खोलीत लाल दिवा बसवला, भोंग्याबरोबर लागणारा.

"मी डोळे मिटून गातो हो," सर म्हणाले. "दिवा मला दिसायचा कसा?"

"मिटलेल्या डोळ्यांनाही दिसेल असा बसवलाय," मोठ्या बाई म्हणाल्या. "आणि कडी काढून ठेवायची. तुमच्या शेजारच्या वर्गाच्या बाई दार ढकलून तुम्हाला घेऊन जातील. देव तुमचं मैदानावरही ऐकेल."

शेवटच्या सरावाचा दिवस उगवला. भोंगा वाजला. ताई मुद्दाम जिन्यापाशी उभ्या होत्या. सातवीची रांग आली. मुंगी चालत आली, जिन्याजवळ पोचली आणि थांबली. मागची रांग तिच्यावर आदळली. "चल ना गं!" कुणीतरी वैतागून म्हणालं. मुंगी पोकळीकडे बघत होती. ताईंच्या ओठांवर आलं होतं, चल बाळ. पण त्यांनी ओठ घट्ट मिटले. सारखं तिला मोठ्यांच्या शब्दावरच चालायला लावलं होतं, आणि मोठ्यांचा शब्द एकदा फार महागात पडला होता.

तेवढ्यात पुढच्या दाराकडून, उजेडाच्या बाजूनं, तो पहाडी आवाज आला. सरावात बोलायचं नाही असा नियम होता. गायचं नाही असं सरांना कुणी बजावलं नव्हतं. अर्धवट सुटलेली ओळ ते चालता चालता पुरी करत होते, आणि ओळ हळूहळू मैदानाकडे निघाली होती.

मुंगीनं ऐकलं. मान वळवून नीट ऐकलं. मग समोरच्या मुलीच्या गणवेशाचा पट्टा धरला आणि ती चालू लागली, आवाजाच्या मागोमाग.

मैदानावर वर्गांचे हात वर होत गेले. सातवीच्या बाईंचा हात सगळ्यांत उंच. मोठ्या बाईंनी या खेपेला सरांना वेगळं मोजलं, शिपाईकाकांना वेगळं मोजलं, वायरमनलाही मोजलं. मग कर्णा तोंडाशी नेला. "शाळा पू..."

"थांबा!"

सगळी शाळा वळली. आवाज मुंगीचा होता, आणि तो एवढा मोठा असू शकतो हे त्या शाळेला ठाऊकच नव्हतं. ती रांगेतून एक पाऊल पुढे आली होती.

"ताईंना कुणी मोजलं?"

मोठ्या बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. ताई मैदानावर नव्हत्या. त्या अजून दाराच्या पायरीवरच होत्या, आतल्या बाजूला. सगळी मुलं नीट बाहेर पडताना बघण्यात त्यांना स्वतः बाहेर यायचं भानच राहिलं नव्हतं. डोळे पुसत त्या धावत सुटल्या, एक चप्पल वाटेत सुटली तशीच, आणि येऊन सातवीच्या रांगेच्या शेवटी उभ्या राहिल्या.

मोठ्या बाईंनी कर्णा खाली केला. हसू दाबत त्या म्हणाल्या, "सगळे जागेवर उभे राहा. पहिलीपासून परत मोजू या. मुंगे, तू माझ्याबरोबर ये, कोणी सुटलं तर सांग."

"नाही," मुंगी म्हणाली. "ते तुमचं काम आहे." आणि ती मागे सरून आपल्या रांगेत जाऊन उभी राहिली.