एक चिंचोका कमी पडला

मी पेटी बोलतेय. मतांची पेटी. आजवर माझ्या पोटात पुष्कळांनी हात घातले, पण कुणाचं गुपित मी बाहेर पडू दिलं नाही. मात्र एकोणीस वर्षं एकच गोष्ट मला आतून टोचते आहे, आणि आता अगदी राहवत नाही.

माझा जन्म ठाण्याचा. चर्चमागे राहणाऱ्या पायस सुतारानं उरलेल्या सागाच्या फळ्यांतून मला घडवलं, ते पुतण्याच्या हट्टापायी. पुतण्या युजीन इंग्रजी शाळेत वरच्या वर्गात होता. त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी ‘विद्यार्थी मंडळी’ काढली होती. दर शनिवारी दुपारी मासुंदा तळ्याकाठच्या एका माडीवर अकरा जण जमायचे, भाषणं ठोकायचे आणि शेवटी मतं घ्यायचे. हात वर करून मतं घेतली की पुढे आठवडाभर भांडणं चालायची. म्हणून बिया टाकून गुपचूप मतं घ्यायला मी हवी होते.

पायसनं माझ्या झाकणाला भोक पाडलं, त्याला कापडाची बाही लावली आणि तळाला घोंगडीचा तुकडा चिकटवला.

“घाल र हात,” तो युजीनला म्हणाला. “बी पडल्याचा आवाज येते का?”

“नाय येत, काका.”

“मग झालं. आता ज्याचं मत त्याच्यापाशी.”

मंडळीची रीत अशी. प्रत्येकाला एक चिंचोका आणि एक सागरगोटा मिळायचा. ठराव मान्य असेल तर चिंचोका टाकायचा, नसेल तर सागरगोटा. मुठीत उरलेलं बी खिडकीतून सरळ तळ्यात भिरकावायचं, म्हणजे मागाहून कुणी कुणाची झडती घ्यायला नको. ही पोरं स्वतःवर फार खूश होती. चिंचोके भाजून खायची सवय असल्यामुळे दोनदा मतदानाआधीच चिंचोके संपले होते, ते सोडा.

शाळेच्या हेडमास्तरांनी मंडळीला परवानगी देताना एकच अट घातली होती. बोला हवं तेवढं, पण सरकारला कागद लिहायचा नाही.

साल अठराशे ऐंशी. अफगाणिस्थानात लढाई चालू होती. श्रावणाच्या सुमारास बातमी आली की कंदाहारजवळ मैवंदला आपल्या मुंबईकडच्या पलटणींची दाणादाण उडाली. आमच्या अकरांतल्या एकाचा, सहदेवाचा, थोरला भाऊ तानाजी त्याच पलटणीत शिपाई होता. सहदेव कल्याणचा. बाप नव्हता. तो ठाण्याला मामाकडे राहून शिकत होता, आणि त्याला शिकवायची हौस तानाजीची.

त्या शनिवारी मंडळीनं काय करावं? विषय ठेवला, ‘काबूलची स्वारी हिंदुस्थानास हितकारक आहे काय?’ सभापती गणू दोन तास बोलला. रूस कुठवर आलाय, कुठली खिंड किती रुंद आहे, सगळं त्याला तोंडपाठ. पुढच्या शनिवारी दौलतनं त्याला खोडून काढलं. तिसऱ्या शनिवारी गणूनं दौलतला. टाळ्यांनी माडी दणाणली. आणि सहदेव भिंतीला टेकून गप्प बसलेला! मला तर असं वाटे की टेबलावरून खाली उडी घ्यावी आणि ह्या शहाण्यांच्या पायावर पडावं, चांगली कोपऱ्यावर.

शेवटी सहदेवच उठला.

“रूस येईल तेव्हा येईल रे,” तो म्हणाला. “माझा दादा कुठाय ते कुणी विचारता का? पेपरात पडलेल्या साहेबलोकांची नावं आलेली. आपल्या शिपायांचा नुसता आकडा. मंडळीनं सरकारला पत्र लिहावं, नावं मागावीत. एवढंच.”

सगळे चपापले. अट सगळ्यांना आठवली, पण बोलला एकटा युजीन.

“सहदेव, मी खोटं नाय बोलत. माझे बाबा कलेक्टर कचेरीत आहेत. पत्रावर माझं नाव बघितलं तर त्यांना विचारतील. मला भीती वाटते.”

“वाटणारच,” दौलत म्हणाला. “साहेबाच्या देवळात जाणारे तुम्ही!”

नियमाप्रमाणे मतं आठवड्यानं घ्यायची ठरली. तो आठवडा मी कसा काढला, माझं मला ठाऊक. रिकाम्या माडीवर वाऱ्यानं खिडकी आपटली तरी वाटे, आले वाटतं.

शनिवारी सगळ्यांच्या आधी युजीन आणि सहदेव आले. युजीनच्या हातात कागद होता. त्यानं पत्राचा इंग्रजी मसुदा करून आणला होता.

“ठराव झाला की लगेच पाठवू,” तो म्हणाला. “तुझं तोंड का असं?”

“घरी गेलेलो. आई रोज दादाचं ताट मांडते. भाकरी वाढते, वर झाकण ठेवते. म्हणते, येईल तो भुकेला.” सहदेव खिडकीकडे वळला. “उत्तर आलं आणि त्यात नाव असलं, तर ते ताट मला उचलावं लागेल रे.”

“पण कळायला नको का?”

तेवढ्यात जिन्यावर बाकीच्यांची पावलं वाजली.

मग मतं झाली. मला आत दिसत नाही, पण बोटं मला कळतात. गणूची मऊ, शाईनं चिकट बोटं आली. ठरावाच्या बाजूनं त्यानं नुकतंच असं भाषण केलं होतं की दोघांचे डोळे पाणावले. त्यानं सागरगोटा टाकला. दौलतनंही सागरगोटाच टाकला. मग युजीनचा हात आला. त्यानं चिंचोका टाकला.

सर्वांत शेवटी सहदेवाचा हात आला आणि तो कितीतरी वेळ माझ्यात तसाच राहिला. दोन्ही बिया घामानं ओल्या झाल्या होत्या. टाक बाबा चिंचोका, मी म्हणत होते, टाक! त्यानं सागरगोटा सोडला. मला राग आला नाही. आईचं एक ताट आणखी थोडे दिवस मांडलेलं राहावं, एवढंच त्या बोटांना हवं होतं.

मोजणी झाली. पाच चिंचोके, सहा सागरगोटे. ठराव पडला.

“युजीन!” दौलत ओरडला. “एका मतानं घात केलास!”

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा.

“आईची शपथ, मी चिंचोका टाकला,” युजीन म्हणाला. त्यानं मसुदा पुढे केला. “हे बघा, पत्र लिहून आणलंय मी.”

“बाहेरून दाखवायला लिहिलंस,” गणू म्हणाला. “दाखव तुझा सागरगोटा.”

तो कुठून दाखवणार? तो तळ्याच्या तळाशी होता. युजीननं सहदेवाकडे पाहिलं. एक शब्द हवा होता, एकच. सहदेव जमिनीकडे बघत राहिला. त्याची डावी मूठ घट्ट मिटलेली होती. त्यानं आपलं बी तळ्यात टाकलंच नव्हतं.

युजीन पुन्हा माडीवर आला नाही. रस्त्यात दिसला की पोरं तोंड फिरवत, असं ऐकलं. मंडळी चार महिन्यांत मोडली.

आणि पत्र न लिहिताही कागद आलाच. माघात पलटणीकडून आला, तानाजीच्या नावाचा. ताट उचलावं लागलं ते लागलंच. मोडलेल्या मंडळीतल्या पोरांनी हळहळून आठवण म्हणून मला सहदेवाला देऊन टाकलं. त्याच्याच हाती मला दिलं, बघा!

आता तो कल्याणला मास्तर आहे. मी त्याच्या फळीवर असते. माझ्या पोटात तानाजीचा तो कागद आहे आणि एक चिंचोका आहे, जुना, चकाकी गेलेला. कधी कधी तो चिंचोका रुमालात बांधून सहदेव घराबाहेर पडतो. स्टेशनापर्यंत जातो. ठाणं काही लांब नाही, गाडीत बसलं की उतरायचं. तासाभरानं तो परत येतो आणि चिंचोका पुन्हा माझ्यात ठेवतो. परवाही आला तसाच.

मी लाकडाची. मला पाय नाहीत. तुम्हांला आहेत. ठाण्याला जाणं झालं तर चर्चमागे पायस सुताराचं घर विचारा. त्याचा पुतण्या युजीन आता चाळिशीला आला असेल. त्याला म्हणावं, तुझा चिंचोका पेटीत पडला होता, पेटीनं स्वतः सांगितलंय. दुसऱ्या कुणाचं नाव घेऊ नका. ते नाव सांगायला ज्यानं जायचं, तो अजून स्टेशनावरून परत येतो आहे.