दोन बोटं वर

स्टीलचा पेला उचलायला कुसाबाईंनी डावा हात पुढे केला आणि मंजुषाची नजर दुसऱ्या हातावर अडकली – मांडीवर ठेवलेला, जणू कुणीतरी सांभाळायला दिलेला. सव्वा वर्ष झालं. घोटीच्या लसीकरण शिबिरात त्या दिवशी रांग संपतच नव्हती, पाठ भरून आलेली, नर्स म्हणून ती उभ्याउभ्याच लस टोचत सुटलेली, आणि खुर्चीतल्या कुसाबाईंच्या खांद्यात सुई दोन बोटं वर, हाडालगत... हे तेव्हाच कळलं होतं का आपल्याला? की नंतर, आपल्या इंदिरानगरच्या घरी असताना, कुसाबाईंना भाताची लावणी जमत नाही, अंबाडाही सून बांधते असं कानावर आलं तेव्हा?

डॉक्टरांनी वयाचं दुखणं म्हणून वाटेला लावलेलं. तरी ही बाई एकेक कागद जमवत गेली, नुकसानभरपाईचा अर्ज केला, नाशिकच्या या कार्यालयात खेटे घातले – कागद प्लास्टिकच्या पिशवीत, इस्त्री केल्यासारखे.

"सिस्टर, सुई बरोबर जागी दिली होती ना?" चौकशी करणाऱ्या साहेबांनी विचारलं.

आठवत नाही म्हणा, बस – तिच्या वरिष्ठांनी मघाशीच बजावलं होतं. मंजुषानं तोंड उघडलं, पण कुसाबाई आधी बोलल्या.

"साहेब, बाईंची नोकरी नका घालवू. माझं भांडण त्यांच्याशी नाय. सकाळपास्नं त्या लय दमल्या व्हत्या, मी बघत व्हते. हात सरकारच्या कामात गेला, सरकारनं भरून द्यावं."

बघत होत्या! आपण त्यांचा चेहराही नीट पाहिला नव्हता... खोटं बोलायची वाट या बाईनंच मोकळी करून दिली होती, आणि म्हणूनच त्या वाटेनं जाववेना.

"वर लागली, साहेब," मंजुषा म्हणाली. "त्या बसलेल्या, मी उभी. मी बसून द्यायला हवी होती."

साहेबांनी लिहून घेतलं. निर्णय कळवू, म्हणाले.

जिन्यात कुसाबाई थांबल्या. "आता तुमचं काय व्हईल?"

"माहीत नाही."

मला कुणी असं अधू केलं असतं, तर मला आधी तिची नोकरी आठवली असती? आत्ता तरी नुसतं या बाईच्या बरोबरीनं, तिच्याच सावकाश चालीनं, पायऱ्या उतरत राहावंसं वाटत होतं.