हिरवं भोक, गुलाबी भोक

दुकानात शिरण्याआधी सत्याप्पांनी मनातल्या मनात वाक्य दोनदा म्हणून पाहिलं. 'लॅपटॉपमधून आवाज नीट येत नाही, की मलाच ऐकू येत नाही, एवढं बघून सांगा.' पहिला अर्धा भाग सोपा होता. दुसऱ्या अर्ध्या भागासाठी त्यांनी आठ महिने घालवले होते.

कमरीपेठेतल्या दुरुस्तीच्या त्या अरुंद दुकानात दुकानदार रवी मान खाली घालून एका मोबाइलला डाग देत होता. सत्याप्पा उंबऱ्याशी उभे राहिले. त्यांच्या खांद्याला कापडी पिशवी होती. पिशवीत लॅपटॉप, हेडफोन, आणि वाट बघावी लागली तर असावं म्हणून एक पुस्तक.

"बर्री अज्जा, या," रवी वर न बघताच म्हणाला. "बाहेर का उभारलाय? काय आणलाय?"

सत्याप्पांनी तयार करून आणलेलं वाक्य ऐन वेळी उलटं बाहेर पडलं. "मला ऐकू येत नाही."

"मग डॉक्टरकडं जायाचं की. इथं मी कानात डाग देत न्हाई."

बाकावर बसलेलं एक गिऱ्हाईक हसलं. सत्याप्पाही हसले, कारण न हसणं बरं दिसलं नसतं. मग त्यांनी लॅपटॉप बाहेर काढला.

रवीने हेडफोनची पिन आत सारली, हलवली, फिरवली, एक गाणं लावलं आणि हेडफोन स्वतःच्या कानाला लावून तोंड वाकडं केलं. मग पिन काढून नुसत्या स्पीकरवर ऐकलं. "जॅक मेलाय अज्जा. आन् एक स्पीकर फाटलाय. ह्यातनं देव बोलला तरी कळायचं न्हाई. तुमच्या कानाला काय झालेलं न्हाई."

"नक्की?"

"मी सांगतोय न्हवं." त्याने टेबलावर नख घासलं. "हे ऐकू आलं?"

"आलं."

"झालं तर."

जॅक बदलायचा तर सगळा लॅपटॉप उघडावा लागेल, आणि एवढ्या जुन्या मशीनला तो हात लावणार नाही, असं रवीने सांगितलं. त्याऐवजी त्याने ड्रॉवरमधून अंगठ्याएवढी एक काळी डबी काढली. यूएसबीच्या खाचेत बसणारं साउंड कार्ड. तिला दोन भोकं होती, हिरव्या कडेचं हेडफोनला, गुलाबी कडेचं माइकला. आतलं सगळं बाजूला ठेवून आवाजाचं काम आता ही डबीच करेल, तो म्हणाला. घरी गेल्यावर खालच्या स्पीकरच्या चित्रावर क्लिक करून यादीतलं नवीन नाव निवडायचं, एवढंच. सत्याप्पांनी ते तीन ओळींत वहीत उतरवलं. रवीने डोकावून वाचलं आणि म्हणाला, "अक्षर बेस हाय अज्जा. रेल्वे वर्कशॉपात होता काय?"

"स्टोअर्समध्ये. क्लार्क."

"तरीच."

परत येताना शहरातल्या चिगरी बसमध्ये ते पिशवी मांडीवर धरून बसले. आठ महिने आपण म्हातारपणाला दोष देत होतो आणि दोष एका पिनेचा होता, याचं त्यांना हसू यायला हवं होतं. त्यांना मात्र वाटत होतं की रवीने मन राखायला तसं सांगितलं असेल.

उणकलच्या घरात ते पत्नी गेल्यापासून एकटे राहत. मुलगी प्रीती हैदराबादला, जावई विशाल, नातू सिद्धांत नऊ वर्षांचा. दर रविवारी सकाळी आठला व्हिडिओ कॉल, आणि कॉलवर बुद्धवंदना. ही पद्धत घरात प्रीतीच्या लहानपणापासूनची. सत्याप्पांनी एक ओळ म्हणायची, घरच्यांनी ती मागून म्हणायची. त्रिशरण, मग पंचशील. वंदना बुद्धमूर्तीकडे तोंड करून म्हणायची असते, म्हणून प्रीती फोन मूर्तीसमोर टेकवून ठेवी. पडद्यावर फक्त मूर्ती आणि पणती दिसे, आणि मागून तीन आवाज येत. सिद्धांतचा आवाज अर्धा शब्द पुढे धावायचा, विशालचा खाली घुटमळायचा, प्रीतीचा मधोमध.

जानेवारीपासून ते आवाज खरखरीत बुडाले होते. पण ओळ संपली की ती खरखर जरा वरखाली व्हायची, आणि सत्याप्पा तेवढ्यात तिघांना ओळखून काढायचे. बाकीचं बोलणं तर फारच थोडं कळायचं. परत विचारायचा त्यांना संकोच वाटे. पोरीला वाटेल, अप्पा बहिरे झाले. मग काय करायचं यांचं, असा प्रश्न तिच्यापुढे उभा राहील. त्यापेक्षा ते मान हलवत, 'होय, होय' म्हणत.

शनिवारी संध्याकाळी त्यांनी डबी बसवली, हेडफोनची आणि त्याच्याच माइकची पिन लावली, वहीतल्या ओळींवर टिकमार्क केले. चाचणी म्हणून पुस्तकातलं एक पान मोठ्याने वाचून रेकॉर्ड केलं आणि ऐकलं. आवाज त्यांचाच होता, वाटलं होतं त्यापेक्षा म्हातारा. त्याच्या मागे मोरीतला नळ टपटपत होता. मधे कुठेतरी खुर्ची करकरली. एका घरात एक माणूस असला की एवढंच वाजतं, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. त्यांनी उठून नळ घट्ट केला.

रविवारी प्रीती पडद्यावर आली. "अप्पा, बरं आहे ना सगळं?"

तिचा आवाज इतका जवळून आला की ते दचकले. "होय," ते सवयीने म्हणाले.

तिने फोन मूर्तीसमोर टेकवला. सत्याप्पांनी हात जोडले, पहिली ओळ म्हटली आणि थांबले.

काहीच आलं नाही.

त्यांनी दुसरी ओळ म्हटली. पणतीची ज्योत हलली. कानात काही नव्हतं, खरखरसुद्धा नव्हती. आणि तेव्हा त्यांना पडद्याच्या कोपऱ्यात, प्रीतीच्या नावाशेजारी, आडवी रेघ मारलेलं माइकचं चित्र दिसलं. ते कित्येक महिने तिथंच असावं. ती नक्षी आहे असं त्यांना वाटत आलं होतं.

तिसरी ओळ त्यांच्याने म्हणवेना. ते तसेच हात जोडून बसले. बऱ्याच वेळाने फोन उचलला गेला. प्रीतीचे ओठ हलले, मग आवाज आला. "अप्पा? कॉल अडकला का?"

"माइक बंद का ठेवतीस?"

"तुम्हाला सांगितलं होतं की जानेवारीत. तुमच्याकडनं आमचेच आवाज घुमून परत येतात, म्हणून वंदनेपुरता बंद करते. तुम्ही होय म्हणालात."

म्हणाले असतील. "आता घुमणार नाही. हेडफोन चालू झालाय. राहू दे उघडा."

प्रीती क्षणभर इकडे तिकडे बघत राहिली. "बंदच बरा आहे अप्पा."

एरवी इथं त्यांनी होय म्हटलं असतं. "नाही," ते म्हणाले. "उघडा ठेव."

फोन पुन्हा मूर्तीसमोर गेला. सत्याप्पांनी सुरुवातीपासून पहिली ओळ म्हटली. मागून एक आवाज आला. ते अर्धा शब्द पुढे धावणाऱ्या आवाजासाठी थांबले, घुटमळणाऱ्या आवाजासाठी थांबले. एकच आवाज होता, प्रीतीचा. पंचशीलाला तो अडखळला, एक शब्द गाळून पुढे गेला, परत मागे आला. सत्याप्पांनी ती ओळ पुन्हा म्हटली, सावकाश, ती लहान असताना म्हणत तशी.

वंदना संपल्यावर तिने फोन लगेच उचलला नाही.

"सिद्धांत?"

"क्रिकेटच्या क्लासला. मार्चपासून. विशालला रविवारची सुट्टी नाही आता."

"मग तू एकटीच म्हणतीस?"

"आधी म्हणायचे. मग नुसती बसायचे. तुमचं ऐकत. तुम्हाला कळलं तर तुम्ही वंदनाच बंद कराल असं वाटलं."

सत्याप्पांनी हेडफोन कानांवर दाबून धरला. "मलाही काही कळत नव्हतं," ते म्हणाले. "आठ महिने. नुसतं होय म्हणत होतो."

आता फोन उचलला गेला. प्रीतीचा चेहरा अगदी जवळ आला. "म्हणजे एप्रिलमध्ये मी विचारलं होतं तेही?"

"काय?"

"मे महिन्यात येऊन राहू का. महिनाभर. तुम्ही होय म्हणालात, आणि नंतर परत विषयच काढला नाहीत. मला वाटलं तुम्हाला एकटं राहायची सवय झालीय, तोंडावर नाही म्हणता येत नाही म्हणून..."

मे महिना सत्याप्पांना आठवला. दुपारी दार लावून पुस्तक वाचत काढलेला. एक वाचून झालं की दुसरं. आता सप्टेंबर चालू होता.

"विजयादशमीला ये," ते म्हणाले. त्यांनी ते परत म्हटलं. "ये. चार दिवस तरी."

"सिद्धांतच्या मॅच आहेत तेव्हा. बघते अप्पा."

"बघ."

तिचं 'बघते' साधंच होतं, पण त्याच्या आधी तिने घेतलेला श्वासही त्यांना ऐकू आला. कॉल संपला तरी त्यांनी हेडफोन लगेच काढला नाही. मग वही उघडली आणि तीन टिकमार्कांच्या खाली पंचशीलातली ती एक ओळ, जिथे प्रीती अडखळली होती, सुटी सुटी करून लिहिली. पुढच्या रविवारी तिथून हळू घ्यायचं होतं.